कॉबलस्टोनची मागची खोली: डब्लिनमधील एका संगीत-पबचे प्रकरण

डब्लिन शहरात लिफी नदीच्या उत्तरेला स्मिथफील्ड नावाचा लांबट चौक आहे. सतराव्या शतकात बाजारासाठी आखलेल्या या चौकात आजही दगडी फरसबंदी आहे, आणि त्याच्या उत्तर टोकाला, नॉर्थ किंग स्ट्रीटवर, त्या फरसबंदीचेच नाव घेतलेला ‘कॉबलस्टोन’ हा पब उभा आहे. टॉम मलिगन आणि त्यांचे कुटुंब तो तीस वर्षांहून अधिक काळ चालवत आले आहे. २०२१ च्या शरदात या जागेवर नऊ मजल्यांचे, ११४ खोल्यांचे हॉटेल बांधण्यासाठीचा अर्ज डब्लिन महापालिकेकडे आला, दोन महिने शहर त्यावरून ढवळून निघाले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस महापालिकेने परवानगी नाकारली. घटनाक्रम एवढाच आहे. तरी तो बारकाईने पाहावा असा आहे, कारण त्या अर्जानुसार पब पाडला जाणार नव्हता. दर्शनी भाग, त्यातला बार आणि दारावरची पाटी हे सारे राहणार होते. जाणार होती ती मागची खोली आणि तिच्यालगतचे अंगण, आणि सगळे भांडण त्या खोलीवरून झाले.

त्या खोलीचे मोल कळायचे तर आधी पुढच्या खोलीत काय चालते ते पाहिले पाहिजे. आयरिश पारंपरिक संगीताच्या बैठकीला ‘सेशन’ म्हणतात, आणि कॉबलस्टोनमध्ये ती आठवड्याचे सातही दिवस भरते. तिच्यासाठी रंगमंच नसतो, ध्वनिवर्धक नसतो, तिकीट नसते. पुढच्या बारमधला एक कोपरा वादकांसाठी राखलेला असतो, तिथे एका टेबलाभोवती पाच-सात जण एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि त्यामुळे श्रोत्यांच्या वाट्याला बहुतेकांची पाठच येते. कोणीतरी फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, एक रील, म्हणजे जलद लयीची नाचाची चाल, सुरू करतो. दोन-चार मात्रांत ज्यांना ती चाल येते ते आपापले वाद्य उचलतात, ज्यांना येत नाही ते गप्प बसून ऐकतात. चाल सहसा बत्तीस मापांची असते, आठ मापांचा पहिला भाग दोनदा आणि आठ मापांचा दुसरा भाग दोनदा. अशी ती पूर्ण चाल दोन-तीनदा फिरते, आणि मग सुरुवात करणारा मान किंचित वर करतो, डोळ्याने खूण करतो, एखादा ‘हप्’ असा हुंकार देतो आणि न थांबता दुसऱ्याच चालीत शिरतो. टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याबरोबर वळतात. ते वळण ज्याला साधते तो त्या बैठकीचा झाला असे समजावे. चालीचे नाव विचारले तर पुष्कळदा वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही; ती कोणाकडून उचलली हे मात्र तो हमखास सांगतो.

ही विद्या कानाने आणि सहवासाने चालत आलेली आहे. स्वरलिपीची पुस्तके आहेत, ध्वनिमुद्रणे आहेत, १९८७ साली स्थापन झालेले आयरिश पारंपरिक संगीताचे मोठे अभिलेखागारही डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये आहे. पण एकाच चालीत श्वास कुठे घ्यायचा, अलंकार कुठे टाकायचा आणि कुठे मुद्दाम टाळायचा हे टेबलाशी बसल्याखेरीज कळत नाही. म्हणून या संगीताला जागा लागते, आणि ती रोज उघडी असलेली, ओळखीची, फुकट जागा असावी लागते.

पब ही या संगीताची अनादी काळापासूनची जागा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हे संगीत मुख्यतः नाचासाठी होते आणि ते खेड्यातल्या घरांच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळची मेजे-खुर्च्या बाजूला सारून, वाजत असे. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला आणि सार्वजनिक नाचासाठी न्यायालयाकडून परवाना घेणे सक्तीचे झाले. कायद्याच्या अक्षरात खाजगी घरे येत होती का यावर आजही वाद आहे, पण अनेक ठिकाणी धर्मगुरूंनी आणि पोलिसांनी त्याचा वापर घरगुती नाच बंद पाडण्यासाठी केला हे खरे. त्यातच स्थलांतराची लाट आली. लंडनमध्ये बांधकामावर राबणाऱ्या आयरिश मजुरांच्या भाड्याच्या खोल्यांत वाजवायला जागा नव्हती, म्हणून कॅम्डन टाउन, केंटिश टाउन अशा भागांतल्या पबमध्ये ते संध्याकाळी वाद्ये घेऊन जमू लागले. आज ज्याला सेशन म्हणतात त्याचे रूप चाळीस-पन्नासच्या दशकांत तिथे घडले. आयर्लंडमध्ये १९५१ साली मलिंगार येथे ‘कोल्तस’ ही संगीतकारांची संघटना स्थापन झाली, तिच्या वार्षिक उत्सवांतून वादक एकमेकांना भेटू लागले, आणि साठच्या दशकात डब्लिनच्या मेरियन रोवरील ओ’डोनह्यूज या पबमधून ‘द डब्लिनर्स’ हा वाद्यवृंद पुढे आल्यावर पब आणि पारंपरिक संगीत ही जोडी शहरात पक्की झाली. एक जागा गेली की हे संगीत दुसरी शोधते असा याचा अर्थ काढता येईल, आणि हॉटेलच्या बाजूने बोलताना कोणी तो काढूही शकेल. पण स्वयंपाकघरातून पबमध्ये येईपर्यंत मधल्या पिढीत किती वादक आणि किती चाली गळून पडल्या याची मोजदाद कोणीच केलेली नाही.

त्या गळतीचे एक उदाहरण मलिगन कुटुंबाच्या अगदी जवळचे आहे. टॉम मलिगन यांच्या वडिलांचे नावही टॉमच. ते लीट्रिम काउंटीचे. फिडल आणि पाइप ही दोन्ही वाद्ये ते वाजवत. त्यांचा दुसरा मुलगा नीली मलिगन हा इलन पाइप्सचा, म्हणजे आयरिश बॅगपाइपचा, नावाजलेला वादक. या वाद्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. आयरिश भाषेत ‘इल्ल’ म्हणजे कोपर. वादक बसून वाजवतो, उजव्या कोपराखाली पट्ट्याने बांधलेल्या छोट्या भात्याने हवा भरतो, डाव्या कोपराने पिशवी दाबतो, बोटांनी मुख्य नळीवर दोन सप्तकांची चाल वाजवतो, तीन नळ्या अखंड षड्जासारखा आधारस्वर धरून ठेवतात आणि आणखी तीन नळ्यांच्या पितळी कळा मनगटाच्या कडेने दाबून मधूनमधून स्वरसंगती द्यावी लागते. म्हणजे दोन्ही कोपरे, दहाही बोटे आणि मनगट एकाच वेळी निरनिराळी कामे करत असतात. असे वाद्य एकट्याने पुस्तकावरून शिकता येत नाही. १९६८ साली ‘ना पीबरी इलन’ ही पाइपवादकांची संस्था निघाली तेव्हा हे वाद्य वाजवणारे शंभरसुद्धा उरले नव्हते असे सांगतात. तिथून ते इतके सावरले की २०१७ साली युनेस्कोने इलन पाइपवादनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या संस्थेचे घर हेन्रिएटा स्ट्रीटवर आहे आणि स्मिथफील्डहून तिथे पायी जाता येते.

अशा घरातल्या माणसाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्मिथफील्डमधला पब चालवायला घेतला. त्या वेळी हा भाग पडीक म्हणूनच ओळखला जात होता. चौकाचे नूतनीकरण, नव्या इमारती, पर्यटकांची वर्दळ हे सारे नव्वदच्या अखेरीनंतरचे. मलिगन यांनी केलेली गोष्ट वरकरणी साधी दिसते, पण धंद्याच्या हिशेबात ती सोपी नाही. पबची कमाई पेयांच्या विक्रीवर असते. वादकांना दिलेला कोपरा म्हणजे गिऱ्हाइकांना न दिलेल्या सात-आठ खुर्च्या, आणि वादक तर रात्रभर एक-दोन ग्लासांवर बसतात. शिवाय सेशन नक्की भरावे म्हणून दोन-तीन मुख्य वादकांना मानधन देण्याची या धंद्यात सर्वत्र रीत आहे. बाकीचे आपखुशीने येतात. पाहुण्यांना ओळखीची गाणी हवी असतात, त्यामुळे पर्यटकांच्या वाटेवरचे पुष्कळ पब ध्वनिवर्धक लावून, एक गायक आणि एक गिटार उभे करून, तीच वीस-पंचवीस गाणी रोज वाजवतात आणि गल्ला चांगला भरतो. कॉबलस्टोनने ती वाट धरली नाही. पबची स्वतःची ओळख सांगणारे वाक्य ‘संगीताचे व्यसन जडलेला पिण्याचा पब’ असे काहीसे आहे, आणि थट्टेच्या सुरातले असले तरी त्यात इथला प्राधान्यक्रम नेमका आला आहे.

आता मागची खोली. पुढच्या बारमध्ये जे वाजते ते ज्यांना आधीच येते त्यांचे. येत नाही त्यांनी कुठे चुकायचे? मागच्या खोलीत वर्ग भरत, नाच शिकवला जाई, आयरिश भाषेतल्या बैठका होत, नवख्यांचे संथ लयीतले सेशन चाले, आणि रात्री छोट्या मैफली होत. डब्लिनमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोकसंगीताची जी नवी पिढी उभी राहिली, आणि ज्यातल्या ‘लँकम’सारख्या वाद्यवृंदाचे नाव आज आयर्लंडबाहेरही घेतले जाते, त्या पिढीचा या पबशी जवळचा संबंध आहे. टॉम यांचा मुलगा तोमास हाही याच पिढीतला, स्वतः वाद्यवृंद चालवणारा वादक. माझ्या मते या प्रकरणाची सगळी गोम इथे आहे: पुढची खोली मागच्या खोलीवर जगते. मागे चुकत शिकलेला माणूस काही वर्षांनी पुढच्या टेबलाच्या कडेला येऊन बसतो, आणि आणखी काही वर्षांनी त्याच्या खुणेवर इतर सगळे वळतात. मागची खोली काढून घेतली तरी पुढच्या बारमध्ये उद्या, परवा, पुढच्या वर्षीसुद्धा संगीत वाजत राहील, आणि म्हणूनच नुकसान झाल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही. ते लक्षात येईल दहा वर्षांनी, टेबलाभोवतीचे चेहरे म्हातारे झाल्यावर.

अर्ज आला तो काळही ध्यानात घ्यावा लागेल. करोनाच्या साथीत आयर्लंडमधले पब मार्च २०२० मध्ये बंद झाले. पुढे जेवण देणाऱ्या पबना सवलती मिळाल्या, पण फक्त पेये विकणारे डब्लिनमधले पब जवळपास सव्वा वर्ष उघडलेच नाहीत. आतल्या बसण्याला परवानगी मिळाली ती २६ जुलै २०२१ रोजी. वादकांचे हात थांबलेले, वर्ग बंद, गल्ला रिकामा, अशा अवस्थेतून पब बाहेर पडत असताना हा आराखडा समोर आला. त्याच्या आधीच्या काही वर्षांत डब्लिनमध्ये हॉटेलांच्या बांधकामाचा सपाटा लागला होता. फ्रान्सिस स्ट्रीटवरचे टिव्होली थिएटर २०१९ मध्ये पाडले गेले आणि तिथे पाहुण्यांच्या निवासाची इमारत उभी राहिली. अँड्र्यूज लेनवरचे जुने नाट्यगृहही हॉटेलासाठी गेले. त्यामुळे कॉबलस्टोनची बातमी आली तेव्हा लोकांना ती एका पबची बातमी वाटली नाही.

विकासकाची बाजूही नीट मांडली पाहिजे. शहराच्या मध्यभागी, ट्रामच्या मार्गाजवळ, मोकळ्या आणि अर्धवट वापरातल्या जागांवर दाट बांधकाम व्हावे हे नगररचनेचे मान्य धोरण आहे. जागा ज्याची असते त्याला तिचा उपयोग करण्याचा हक्क असतो, आणि मलिगन हे पबचे चालक असले तरी इमारतीत भाडेकरू आहेत. आराखड्यात पब राखलेलाही होता. कागदावर पाहिले तर तक्रारीला फारशी जागा उरत नाही, आणि म्हणूनच मला हे प्रकरण अभ्यासाला योग्य वाटते. जिथे सगळेच पाडायचे असते तिथे काय वाचवायचे ते सगळ्यांना दिसते. इथे मात्र दर्शनी भाग, नाव आणि बारचे लाकडी टेबल वाचवून संगीत वाचवल्याचे समाधान मिळण्याची सोय होती. शिवाय बांधकाम चालू असताना पबचे काय होणार हा प्रश्न होताच. रोजचे सेशन दोन-तीन वर्षे थांबले की वादक दुसरीकडे जाऊन रुळतात, आणि मग परत आलेल्या खोलीत ते परत येतीलच असे नाही.

आयर्लंडच्या नगररचना कायद्यात सामान्य माणसाला एक चांगला हक्क आहे. बांधकामाचा अर्ज आला की पाच आठवड्यांच्या आत कोणीही, त्या भागात राहत नसला तरी, २० युरो भरून आपले म्हणणे लेखी नोंदवू शकतो, आणि निर्णय देताना महापालिकेला ते विचारात घ्यावे लागते. मलिगन कुटुंबाने आणि त्यांच्याभोवतीच्या वादकांनी या हक्काचा वापर करण्याचे आवाहन केले. ऑनलाइन निवेदनावर तीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, पण कायद्याच्या दृष्टीने वजन होते ते जवळपास ७०० लेखी हरकतींना. सही करायला काही सेकंद पुरतात. हरकत लिहायची तर अर्ज वाचावा लागतो, पैसे भरावे लागतात, आणि आपल्याला नेमके काय गमवावे लागेल हे शब्दांत मांडावे लागते. आपण या खोलीत काय शिकलो हे शेकडो माणसांना प्रथमच कागदावर लिहावे लागले, आणि मोहिमेची खरी ताकद मला तिथे दिसते.

ऑक्टोबरमध्ये मोर्चा निघाला. स्मिथफील्डहून शेकडो माणसे फिडल, बासऱ्या, बॅन्जो घेऊन, वाजवत, शहराच्या अंत्ययात्रेचे प्रतीक म्हणून एक शवपेटी खांद्यावर घेऊन नदी ओलांडून महापालिकेच्या कार्यालयांवर गेली. ती कार्यालये वुड क्वे येथे आहेत, आणि डब्लिनच्या माणसाला या नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. त्याच जागेवर सत्तरच्या दशकात व्हायकिंग काळातल्या वस्तीचे अवशेष सापडले होते. ते वाचवण्यासाठी सप्टेंबर १९७८ मध्ये सुमारे २०,००० माणसे रस्त्यावर उतरली होती, त्यानंतर आंदोलकांनी जागेचा ताबाही घेतला होता, आणि तरीही महापालिकेने आपली कार्यालये तिथेच बांधली. शहर एकदा जिथे हरले त्या दाराशी लोक पुन्हा उभे राहिले होते, या वेळी जुन्या अवशेषांसाठी नव्हे तर एका खोलीसाठी.

नोव्हेंबरच्या अखेरीस निर्णय आला तेव्हा त्यात दोन प्रकारची कारणे होती. पहिले कारण अपेक्षित होते: इमारतीची उंची, आकारमान आणि घनता भोवतालच्या जुन्या वास्तूंच्या मानाने अतिरेकी आहे. एवढ्या एका कारणावर परवानगी नाकारली असती तर विकासकाला दोन मजले कमी करून पुन्हा येण्याची वाट सरळ मोकळी राहिली असती. दुसरे कारण मात्र महत्त्वाचे आहे. कॉबलस्टोनमधला प्रचलित वापर, मागच्या खोलीसह, हा शहराचा सांस्कृतिक ठेवा आहे आणि प्रस्तावित बांधकामामुळे त्याची हानी होईल, याचीही महापालिकेने दखल घेतली. नगररचनेचे कागद सहसा भिंती, उंची, सावली, वाहने आणि सांडपाणी मोजतात. त्या कागदांत एका खोलीत वर्षानुवर्षे काय घडत आले याला वजन मिळाले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तरी या निर्णयाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्याने नाकारला तो एक अर्ज. मलिगन भाडेकरू होते ते भाडेकरूच राहिले, आणि भाडेकराराच्या मुदतीवर किंवा भाड्याच्या आकड्यावर या निर्णयाचा काही परिणाम होत नाही. युनेस्कोच्या यादीत पाइपवादन आहे, पण ती यादी कोणत्याही खोलीचे भाडे भरत नाही. जुन्या इमारतींना कायद्याचे संरक्षण मिळण्याची पद्धत तिथे पूर्वापार आहे. त्या इमारतीत चालणाऱ्या वर्गाला तसे संरक्षण देणारी सोपी तरतूद नाही, आणि या प्रकरणात ते मिळाले ते ७०० हरकती, एक मोर्चा आणि तीन दशके एकाच जागी टिकून राहिलेले एक कुटुंब हे तिन्ही एकत्र आल्यामुळे. यातली पहिली दोन बळे प्रयत्नाने उभी करता येतात. तिसरे ऐनवेळी आणता येत नाही. पबचा चालक दर पाच वर्षांनी बदलत असता, किंवा तो एखाद्या साखळी कंपनीचा पगारी व्यवस्थापक असता, तर ही खोली कोणाची म्हणून लोक उभे राहिले असते असा प्रश्न मला पडतो. इथे टॉम मलिगन यांना वादक नावाने ओळखत होते, त्यांच्या वडिलांना ओळखणारे वादक अजून हयात होते, आणि त्यांच्या मुलाबरोबर वाजवणारे तरुण मोर्चाच्या अग्रभागी होते. तीन पिढ्यांची ही ओळख कोणत्याही आराखड्यात काढून दाखवता येत नाही, पण हरकतींच्या पानापानांतून ती महापालिकेच्या टेबलावर पोचली.

नऊ मजल्यांचे ते हॉटेल उभे राहिले नाही. कॉबलस्टोन आजही त्याच टोकाला आहे. संध्याकाळी पुढच्या कोपऱ्यात फिडलच्या पेट्या बाकाखाली सरकवल्या जातात, आणि मागच्या दारातून अधूनमधून, पुढच्यापेक्षा बऱ्याच संथ लयीत, जिग या नाचाची तीच एक चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली ऐकू येते.